सारजाबाईच्या हाताचा गुण

सारजाबाईच्या हाताला गुण आहे, असं महाळुंगे पडवळमध्ये कुणीही सांगितलं असतं. आणि हे गाव काही येता-जाता कुणाला चांगलं म्हणणाऱ्यांतलं नव्हे. कुणाच्या घरचं लग्न कितीही थाटात होवो, गावाच्या लक्षात राहायचं ते एवढंच, की आमटीत मीठ कमी होतं. पण थंडी पडली, कांद्याच्या लागणीत उभं राहून राहून बायकांच्या टाचा उलल्या, की ह्याच नाकं मुरडणाऱ्या बायका सारजाबाईच्या ओट्यावर मुकाट पाय पसरून बसायच्या.

भेगांत बिब्बा घालायचं काम तिनं माहेरी, आळ्याला, आपल्या आईकडून उचललं होतं. काम दिसायला सोपं. बिब्बा दाभणाला टोचायचा, चिमणीच्या ज्योतीवर धरायचा, त्याला काळं तेल सुटलं की कढत थेंब नेमका भेगेत सोडायचा. भेगेच्या कडांना आधी खोबरेल चोळायचं, नाहीतर बिब्बा उततो आणि चांगल्या कातडीवर फोड येतात. एवढं कुणालाही जमेल. जमत नाही ते थांबणं. किती थेंब घालायचे याचं माप कुठल्या वाटीत नव्हतं. आई म्हणायची, "माणूस वरडला की हात मागं घ्यायचा. आधी घेतला तर गुण न्हाई, नंतर घेतला तर पाप." सारजाबाईला त्या ओरडण्याच्या किंचित आधी कळायचं. पायाचा अंगठा आत वळायला लागला, की तिचा हात आपोआप मागे यायचा. म्हणून तिच्या हातचा बिब्बा लागायचा, पण भाजायचा नाही. याचा तिला मनातून अभिमान होता, आणि का नसावा? बाईमाणसाला अभिमान बाळगायला त्या गावात दुसरं होतं तरी काय?

तिचा नवरा रखमाजी बोलण्याचा आणि गोडाचा शौकीन. बैलगाड्यांच्या शर्यतीला गेला, की कुणाचे बैल घाटात कसे सुटले आणि कुणाची बारी कशी हुकली, हे घरी येऊन असं सांगायचा की ऐकणाऱ्याला धूळ झटकावी वाटे. चहा घ्यायचा तो चहा म्हणून नव्हे, पाक म्हणून. दिवाळीला कारखान्यातून सभासदाची साखर घरी आली, की पोत्यावर थाप मारून म्हणायचा, "ही खरी लक्षुमी. बाकीच्या नुसत्या फोटूत."

अशा माणसाचं अंग झडायला लागलं. शहाण्णव-सत्त्याण्णव साल असेल. तांब्यामागून तांब्या पाणी प्यायचा, चार पावलं चालून बांधावर बसायचा. मुलगा गोरख भोसरीला कंपनीत लागला होता; तो सुट्टीला आला, तर बापाच्या अंगात सदरा खुंटीला टांगल्यासारखा लोंबत होता. त्यानं बापाला तसाच धरून मंचरला डॉक्टरकडं नेलं. रक्त तपासलं. साखर एवढी निघाली, की डॉक्टरांनी पुन्हा एकदा तपासून घेतली.

"साहेब," रखमाजी म्हणाला, "मग कारखाना हितंच टाकायचा की! ऊस तोडायचं तरी वाचलं असतं."

डॉक्टर हसले. मग त्यांनी खुर्ची पुढं ओढली आणि सरळ सांगितलं, की हा आजार येतो तो जायला येत नाही. त्याला हाताखाली ठेवायचं. गोळ्या रोज, जन्मभर, बरं वाटलं तरी. चालणं रोज. गोड बंद.

रखमाजीचं तोंड शेवटच्या दोन शब्दांवर उतरलं. सारजाबाईनं मात्र पदर खोचला. तिला अक्षरओळख नव्हती. ती डॉक्टरांना म्हणाली, "त्या गोळ्या माझ्या हातावर ठिवा आन सांगा." बारकी जेवणाआधी, मोठी जेवणावर. एकदा हातावर बसलं ते बसलं. त्या दिवसापासून रखमाजीच्या ताटात भाकरीच्या मधोमध बारकी गोळी असायची. ती उचलल्याशिवाय भाकरी मोडता येत नसे. आणि मोठी सुपारीच्या डबीवर. तिच्याशिवाय सुपारी नाही. लग्नाच्या पंगतीत ती अशी जागा धरून बसायची की नवऱ्याचं पान दिसावं. वाढपी जिलबीची परात घेऊन रखमाजीसमोर आला, की बायकांच्या रांगेतून ती नुसती बघायची. रखमाजी हात आडवा करायचा आणि शेजारच्याला म्हणायचा, "माझं पान तिकडनं वाढत्यात."

गोळ्या लागू पडल्या. अंग भरलं, चाल परतली. एकदाच घोटाळा झाला. बारकी गोळी घेतली आणि ताट तसंच ठेवून गडी कालव्याच्या पाण्यानं पिकाला बारं द्यायला धावला. बांधावर त्याचं अंग थरथरायला लागलं, घामानं सदरा भिजला. सारजाबाईनं पळत जाऊन मूठभर साखर तोंडात कोंबली. माणूस भानावर आला आणि पहिलं काय बोलला तर, "आजून वाईच दे." तो किस्सा पुढं वर्षभर गावात फिरला.

मंचरच्या दवाखान्यात महिन्यातून एकदा, बाजारच्या दिवशी, साखरेच्या रोग्यांना एकत्र बसवून माहिती द्यायचे. लोक त्याला 'गोडवाल्यांची शाळा' म्हणायचे. शिकवायला मोहिनी नावाची पुण्याकडची सिस्टर होती, आवाजानं मऊ आणि स्वभावानं चिवट. बहुतेक वेळा नवरा-बायको दोघंही जायचे. एका खेपेला सारजाबाई आळ्याला भावाच्या घरी गेली होती, म्हणून रखमाजी एकटाच गेला. त्या दिवशी नेमका धडा पायांचा होता.

ती परत आली तर रखमाजीच्या पायांत नव्या चपला.

"काय शिकीवलं?"

"साखरंनं म्हणं पायाचं कळणं कमी व्हतं. आनवाणी फिरायचं न्हाई. आन त्या रबराच्या पिशवीनं शेकायचं न्हाई."

"आपल्या घरात रबराची पिशवी हाय कुटं?" सारजाबाई हसली.

"त्येच म्हणलं मी. फुकाट भ्या दावत्यात."

मोहिनी सिस्टर पुण्यात वाढलेली. तिच्या डोळ्यांसमोर शेक म्हणजे गरम पाण्याची पिशवी. तिला बिब्बा ठाऊक असता तर तिनं तो नाव घेऊन सांगितला असता, दहा वेळा सांगितला असता. आणि ह्या दोघांना बिब्बा हा शेकण्यात मोडतो हे सुचणं शक्यच नव्हतं. शेक तो शेक आणि औषध ते औषध. दोष कुणाला द्यायचा असेल त्यानं खुशाल द्यावा. मला तो कुणाच्या माथी मारता येत नाही, आणि म्हणूनच ही गोष्ट जास्त लागते.

दोन हजार दोनच्या पौषात रखमाजीच्या टाचा उलल्या. मागच्या काही महिन्यांपासून तो म्हणायचा, की भुईवर चालतोय का गादीवर तेच कळत नाही. सारजाबाईला त्यात वावगं वाटलं नाही. दुखतंय म्हणाला असता तर ती घाबरली असती. टाचेच्या भेगा मात्र तिनं बघितल्या आणि तिला स्वतःचीच लाज वाटली. साऱ्या आळीच्या टाचा नीट करणारी बाई, आणि घरच्या माणसाची ही दशा!

दिवस कलता होता. तिनं ओट्यावर चिमणी लावली, नवऱ्याचा उजवा पाय मांडीवर घेतला, कडांना खोबरेल चोळलं आणि बिब्बा ज्योतीवर धरला. तेल सुटलं. पहिला थेंब भेगेत गेला.

"चटका बसतोय?"

"छ्या!" रखमाजी म्हणाला आणि पुढं सुरू झाला. परवा शेजारच्या गावच्या घाटात शर्यती झाल्या होत्या. एका जोडीतला बैल निशाणाजवळ फाकला आणि थेट माणसांत शिरला. कुणाचा फेटा कुठं गेला, कोण झाडावर चढलं, हे तो हातवारे करून सांगत होता. सारजाबाई हसत होती. दुसरा थेंब. तिसरा. तिची नजर सवयीनं अंगठ्यावर होती. अंगठा सरळ होता, ढिला, निवांत.

"आता?"

"काय न्हाई गं. घाल तू."

तिला वाटलं, भेग खोल आहे, तेल अजून तळाला पोचलं नाही. तिनं बिब्बा पुन्हा ज्योतीवर धरला. दुसरा बिब्बा घेतला. कधी कुणाच्या पायाला घातलं नव्हतं एवढं तेल तिनं त्या टाचेत सोडलं, आणि ते सोडताना तिला मनातून बरं वाटत होतं. आज हात इतका हलका पडला, की माणसाला कळलंसुद्धा नाही, असं वाटत होतं. रखमाजी बोलता बोलता भिंतीला टेकून झोपला. तिनं पायावर जुनेराचा बोळा बांधला आणि तो पाय मांडीवरून हळूच खाली ठेवला. झोपलेल्या माणसाचा चेहरा इतका समाधानी होता, की ती थोडा वेळ तशीच बघत बसली.

दोन दिवसांनी टाचेला फोड आले. सारजाबाई म्हणाली, "बिब्बा उतला." बिब्बा उतणं तिला नवं नव्हतं, तिनं ओला नारळ खवून त्यावर बांधला. फोड फुटले, खालचं काळं दिसायला लागलं. पण बिब्ब्याचा डाग काळाच पडतो, म्हणून काळं बघून कुणी दचकलं नाही. आणि रखमाजी तर रोज चपला घालून कालव्यापर्यंत चालत होता, डॉक्टरांनी चालायला सांगितलं होतं म्हणून. दुखत नाही तोवर माणूस कशाला थांबेल? गोळ्या चालू, पथ्य चालू, चालणं चालू. सगळं सांगितल्यासारखं चाललं होतं. तो पाय मात्र आतून सडत होता.

वासानं कळलं. एका दुपारी सारजाबाईनं बोळा सोडला आणि तिचा हात तिथंच थांबला. त्याच दिवशी रखमाजीला थंडी वाजून ताप भरला. गोरखला फोन गेला, जीप आली, मंचरच्या डॉक्टरांनी पाय बघितला आणि हात न लावता पुण्याला मोठ्या दवाखान्यात न्यायला सांगितलं.

पुण्याचा डॉक्टर तरुण होता. त्यानं विचारलं, "हे भाजलं कशानं?"

रखमाजी तापातही हुशार. तो म्हणाला, "मोटारीची पाइप तापली व्हती, त्यावर पाय पडला."

"न्हाई," सारजाबाई म्हणाली. "म्या बिब्बा घातला."

गोरखनं आईकडं बघितलं. डॉक्टरनं रखमाजीच्या पायाला बोट लावलं, मग टाचणी टोचली, मग आणखी वर, पिंढरीपर्यंत टोचत गेला. रखमाजी छताकडं बघत होता.

"यांना काही कळतच नाहीये," डॉक्टर म्हणाला. "मावशी, तुम्ही घालत होता तेव्हाही कळलं नसणार."

त्याच्या आवाजात राग नव्हता. रागावला असता तर बरं झालं असतं, तिनं ऐकून घेतलं असतं. पण ह्या साध्या वाक्यानं ती ओट्यावरची सगळी संध्याकाळ तिच्यासमोर उलटी होऊन उभी राहिली. तो सरळ अंगठा. तो चेहरा. हात हलका पडला म्हणून ती ज्याचं कौतुक करत बसली होती, तिथं नवऱ्याचा पाय जिवंत जळत होता. आपले दोन्ही हात तिनं पदराखाली घेतले.

पाय गुडघ्याखाली काढला.

घरी आल्यावर सारजाबाई सगळं करायची. भाकरी, कपडे, धार काढणं, सगळं. फक्त नवऱ्याच्या अंगाला हात लावत नव्हती. गोळ्यांनी आता भागत नव्हतं. इन्शुलिनची सुई सुरू झाली होती, पोटाला, रोज दोन वेळा. मोहिनी सिस्टर शिकवायला मुद्दाम घरी आली. तिनं पुन्हा पुन्हा सांगितलं, की राहिलेला पाय रोज बघायला हवा, तळवा, टाच, बोटांच्या बेचक्या. आंघोळीचं पाणी पायावर घालायच्या आधी कोपर बुडवून बघायचं. आणि आता ही सुई. तिनं सुई पुढं केली तेव्हा सारजाबाई मागं सरकली.

"माज्या हातात काय दिऊ नका बाई. त्यो हात चांगला न्हाई."

सिस्टरनं सुई परत डबीत ठेवली. तिच्याही मनाला काहीतरी खात होतं. ती म्हणाली, "मी त्या दिवशी शाळेत बिब्ब्याचं नाव घेतलं नाही. मला माहीतच नव्हतं." 

मग सुनेनं, हर्षालीनं, सुई शिकून घेतली. ती शहाणी पोर होती, पण तिला भोसरीला परत जायचं होतं. नात श्रेयाची शाळा होती. ती गेल्यावर शेजारची चिमाबाई यायची. चिमाबाई दमेकरी, कधी यायची, कधी नाही. सुई चुकायला लागली. साखर पुन्हा चढली. गावानं आपलं नेहमीचं काम केलं. ओट्यावर पाय पसरून बसणाऱ्या त्याच बायका पाणवठ्यावर म्हणायला लागल्या, "आमाला तर तिचा बिब्बा कवाच लागला न्हाई बाई." सारजाबाईला ते कळलं. तिला त्याचं वाईटही वाटलं नाही. तिला वाटलं, बरोबरच आहे.

एका दुपारी ती मागच्या दारी लसूण सोलत होती आणि घरातून रखमाजीची किंकाळी आली.

ती धावत गेली. तो खाटेवर आडवा होता आणि उजव्या मांडीला दोन्ही हातांनी आवळून धरलं होतं.

"टाच भाजतीय! आगं टाच भाजतीय! काढ, काढ!"

"कंची टाच?"

"ही काय, उजवी!"

उजवी टाच नव्हतीच. गुडघ्याखाली गोधडी सपाट पडली होती.  जो पाय असताना एक शब्द बोलला नाही, तो गेल्यावर असा ओरडत होता. तिला वाटलं, हे आपल्यालाच म्हणतोय. इतके दिवस मनात धरून ठेवलं ते आता बाहेर पडतंय. ती दाराशी उभी राहून रडायला लागली. "मारा मला," ती म्हणाली. "जोड्यानं मारा, पर आसं बोलू नका."

रखमाजीला तिचं रडणं ऐकायची सवड नव्हती. कपाळावर घाम होता. "आगं येडे, खरंच भाजतीय. तुला कोण काय म्हणतंय! हिकडं यी. जरा दाब."

"काय दाबू?"

"टाच!"

आता नसलेली टाच कुणी कशी दाबावी? पण माणूस पुढ्यात तळमळत होता. ती खाटेच्या पायथ्याशी बसली. तिनं पदराखालून हात काढले आणि जिथं टाच असायला हवी होती तिथं गोधडीवर टेकवले. गोधडीच दाबली. पुन्हा दाबला. मग हात हळूहळू वर आणत, गुडघ्याखालच्या त्या शिवलेल्या टोकापर्यंत नेले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिनं ते हातानं बघितलं. कातडी गरम होती, मऊ होती, लहान पोराच्या टाळूसारखी.

रखमाजीचा श्वास खाली बसत गेला.

"आता बरं हाय," तो म्हणाला. आणि थोड्या वेळानं, छताकडं बघत, "चिमाबाई सुई मारती का कुदळ, कळत न्हाई. पोटाला कळतं माज्या, पायागत न्हाई त्ये. उद्यापून तू मार."

"माजा हात..."

"तुजा हात काय? तुज्या हातानं पाच वर्सं गोळ्या खाल्ल्या म्हनून हितवर आलो. एक चुकलं. मला कळलं असतं तर म्या वरडलो असतो, तू थांबली असतीस. मला कळलं न्हाई. त्यात तुजी येकटीची चूक हाय का? निम्मी माज्या पायाची."

असली वाटणी जगात कुणी केली नसेल. सारजाबाई त्याच्या गोधडीत तोंड खुपसून रडली. रखमाजीनं तिला रडू दिलं, आणि आयुष्यात पहिल्यांदाच एवढा वेळ तो गप्प राहिला.

दुसऱ्या दिवशी ती एकटी मंचरला गेली आणि मोहिनी सिस्टरपुढं हात पसरून उभी राहिली. सुईच्या नळीवरच्या रेघा तिनं बोटाच्या नखानं मोजायला शिकून घेतल्या. औषधाची बाटली थंडाव्याला ठेवायची, आणि वीज तर गावात पाहुण्यासारखी यायची; तिनं माठाच्या बुडाशी ओल्या वाळूत बाटलीची डबी पुरली. आणि रोज दिवस मावळायच्या आत ती रखमाजीचा डावा पाय मांडीवर घ्यायची. तळवा उजेडाकडं वळवायचा, टाचेवरून अंगठा फिरवायचा, एकेक बेचकी उघडून बघायची. कधी काटा निघायचा, कधी चपलेच्या पट्ट्याचा वळ. रखमाजीला कशाचाच पत्ता नसायचा. तो आपला शर्यतीचं सांगत असायचा. काटा निघताना कळ तिच्या तोंडावर उमटायची.

बिब्बा तिनं पुन्हा पेटवला नाही. कुणी टाचा घेऊन आलीच, तर आधी विचारायची, "साखर तपासलीया का?" बायकांना ते आवडायचं नाही. एकदोघी रागावून गेल्या. एकदोघी मंचरला जाऊनही आल्या.

असं वर्षामागून वर्ष गेलं. जयपूरचा पाय बसवून रखमाजी काठीनं ओट्यापर्यंत, मग चावडीपर्यंत जायला लागला. डोळे अधू झाले, तोंडावर सूज यायला लागली, डॉक्टर किडनीचं नाव काढायला लागले. आजार हाताखाली राहिला होता, पण इतकी वर्षं पोसलेल्या बैलासारखा तोही अधूनमधून शिंग दाखवायचा. सारजाबाईला कळत होतं, की हे खेचत नेणं आहे. रात्री ती देवाकडं फार काही मागत नसे. एवढंच म्हणायची, की ह्यांना जायचंच असेल तर पायानं नको. पुन्हा पायानं नको.

देवानं तेवढं ऐकलं. दोन हजार आठच्या माघात एका सकाळी रखमाजी बिनसाखरेचा चहा प्यायला, नेहमीसारखा चहाला नाव ठेवून प्यायला, कप खाली ठेवला आणि छातीवर हात ठेवून आडवा झाला. डॉक्टर येईस्तोवर सगळं आटोपलं होतं.

गोरख, हर्षाली, श्रेया दुपारपर्यंत पोचले. अंगणात माणसं जमली. दारात तीन दगड मांडून त्यावर पाणी तापत ठेवलं होतं. रखमाजीला पाटावर ठेवलं. सारजाबाई भिंतीला टेकून बसली होती, कोरड्या डोळ्यांनी. बायका तिला रडवायचा प्रयत्न करत होत्या, कारण न रडलेली बाई गावाला बघवत नाही.

आंघोळ घालायला भावकीतली माणसं पुढं झाली. सोपान नावाच्या पुतण्यानं पातेलं उचललं. वाफ निघत होती. त्यानं पाणी बादलीत ओतलं, तांब्या बुडवला आणि पायाशी येऊन उभा राहिला.

"थांब," सारजाबाई म्हणाली.

ती उठली. माणसं बाजूला झाली. ती पाटाशी येऊन बसली, डावा पाय तिनं उचलून मांडीवर घेतला आणि तळवा उजेडाकडं वळवला. टाचेवरून अंगठा फिरवला. टाच गुळगुळीत होती, एक भेग नव्हती. मग एकेक बेचकी उघडून बघितली.  गोरखनं तोंड फिरवलं.

मग तिनं बादलीत कोपर बुडवलं आणि चटकन बाहेर काढलं.

"लई कढत हाय. इसण घाला."

चिमाबाई उठली. ती जवळ येऊन तिच्या खांद्यावर हात ठेवत म्हणाली, "आगं सारजे, आता त्येंना काय कळतंय?"

"त्येंना कवा कळत व्हतं?" सारजाबाई म्हणाली. "मलाच कळायचं."

हर्षालीनं गार पाण्याची कळशी आणून दिली. सारजाबाईनं थोडं थोडं विसण घातलं, दर वेळी कोपर बुडवून बघितलं, आणि पाणी मनासारखं झाल्यावर सोपानच्या हातातून तांब्या घेतला.